बहुमताने ठरलेली नळी

प्रोफेसरांनी गाडीला ते यंत्र बसवायचं ठरवलं तेव्हा गॅरेजवाला एवढंच म्हणाला, "गाडी चालली तर तुमच्या यंत्राचं नाव होणार, बंद पडली तर माझ्या गॅरेजचं. मी काही हात लावणार नाही." हे ऐकून एखादा शहाणा माणूस यंत्र घेऊन घरी गेला असता आणि कपाटावर टाकून विसरून गेला असता. प्रोफेसरही घरीच गेले, पण वाटेत पान्ह्यांचा संच विकत घेऊन.

आधी एक खुलासा करायला हवा. प्रोफेसर हे प्रोफेसर नव्हते. कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचं सामान त्यांच्या ताब्यात असायचं. मुलांना लोहचुंबक, भिंगं, लंबक द्यायचे आणि तास संपला की ओरडून ओरडून परत मागायचे, हे त्यांचं काम. सोसायटीत राहायला आले त्या दिवशी खोक्यातून एक जुनी दुर्बीण निघाली, ती पाहून कुणीतरी "प्रोफेसर दिसतायत" असं म्हणालं, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांनीही कधी ते खोडून काढलं नाही. तेव्हापासून कुणाचा मिक्सर खडखडू लागला, कुणाचं घड्याळ मागे पडू लागलं, की माणसं त्यांच्या दारात. प्रोफेसर वस्तू कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "कंपनांचा प्रश्न आहे." मिक्सर खडखडतच राहायचा, पण माणूस समाधानाने घरी जायचा.

यंत्र आणलं होतं साडूने. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. या गृहस्थांची दरवर्षी एका नव्या वस्तूवर श्रद्धा बसायची. मागे पाठदुखी घालवणारी उशी झाली, मग पाणी जिवंत करणारी बाटली झाली. यंदा एका प्रदर्शनातून हे यंत्र आलं. निळ्या रंगाच्या चकचकीत धातूची डबी, तिच्या पोटात दोन जबरदस्त लोहचुंबक, आणि वर एक इवलासा निळा दिवा.

"पेट्रोलच्या नळीवर आवळायचं, बस्स!" साडू सोफ्यावर ऐसपैस बसून सांगत होता. "पेट्रोलचे रेणू असे वेडेवाकडे धावत असतात. चुंबकातून गेले की एका रांगेत उभे राहतात. मग एकूणएक रेणू जळतो. पेट्रोल निम्मं!"

"रेणू रांगेत उभे राहतात?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "माणसं राहत नाहीत हो, भाऊजी."

"अगं, विज्ञान आहे ते. विचार तुझ्या नवऱ्याला."

आता चुंबक म्हणजे प्रोफेसरांचा प्रांत. उभी हयात त्यांनी चुंबक कपाटात मांडण्यात घालवली होती. चुंबकाचं नाव निघाल्यावर "मला माहीत नाही" असं म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं. ते गंभीर होऊन म्हणाले, "तत्त्वतः बरोबर आहे." झालं. तत्त्वतः म्हटलं की माणूस अडकलाच.

बायकोला या यंत्राचं काही कौतुक नव्हतं, पण गाडीची काळजी मात्र होती, आणि त्याला कारण होतं. ती शाळेत शिकवायची. शाळा गावाबाहेर नवी शाखा काढत होती आणि तिथली प्रमुख म्हणून तिचं नाव पुढे आलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच दारावर तिच्या नावाची पाटी लागणार होती. अडचण एकच, तिकडे बस जात नाही. संस्थेने सांगून टाकलं होतं: शाखा उघडायच्या आत गाडीचं लायसन्स दाखवा, नाहीतर ही जागा चित्रकलेच्या बाईंना. चित्रकलेच्या बाई रोज स्वतःची गाडी घेऊन यायच्या आणि मुद्दाम फाटकासमोर लावायच्या.

बायको लायसन्सच्या परीक्षेत आधी नापास झाली होती, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली आणि मागे घरंगळली. आणि खरं सांगायचं तर त्यात तिचा दोष थोडा आणि शिकवणाऱ्याचा जास्त होता. प्रोफेसर शेजारी बसून शिकवायचे म्हणजे, "क्लच! अगं क्लच! तो ब्रेक आहे! देवा रे!" असं सोसायटीच्या फाटकापासून बाजारापर्यंत चालायचं. कोणत्या वळणावर वहिनींनी कोणता गिअर टाकला हे गॅलरीत बसलेल्या लोकांना घरबसल्या कळायचं. चढ आला की बायकोला कानात तो आवाज ऐकू यायचा, मग पाय थरथरायचा आणि गाडी आचका देऊन गप्प. आता शेवटची तारीख मिळाली होती, आणि ती शाखा उघडायच्या जेमतेम आधीची होती.

तर रविवारी सकाळी प्रोफेसरांनी पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडलं. सोसायटीत उघडं बॉनेट म्हणजे जाहीर आमंत्रणच. साडू तर सोबत होताच, सेक्रेटरी आले, वकीलसाहेब चहाचा कप घेऊनच आले, तळमजल्यावरचे दोघे-तिघे आले, आणि सगळे वाकून आत बघू लागले. आत नळ्याच नळ्या.

"यातली पेट्रोलची कोणती?" सेक्रेटरींनी विचारलं.

प्रोफेसरांनी डोळे मिटले. पण नळीला कान लावून काही उपयोग नव्हता.

वरून गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, गाडीचं पुस्तक आहे ना कप्प्यात! त्यात चित्र असेल की!"

"वहिनी, पुस्तक सगळ्या गाड्यांसाठी असतं," वकीलसाहेब मान वर करून म्हणाले. "इथे प्रश्न या विशिष्ट गाडीचा आहे."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. का, ते विचारू नका. मग वाद सुरू झाला. वकीलसाहेबांचं बोट एका जाड नळीवर होतं. साडू म्हणत होता की खालून येणारी ती, टाकी मागे आहे ना, मग नळी खालूनच येणार. तळमजल्यावरच्या एकाने जिला बोट लावलं तिचा चटका बसला, म्हणून ती बाद झाली. आवाज चढू लागले. तेव्हा सेक्रेटरींनी दोन्ही हात वर केले. हे गृहस्थ पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून जिन्यातल्या बल्बपर्यंत सगळं ठराव करून करायचे, आणि सोसायटीलाही तीच सवय लागली होती.

"हे बघा, भांडण नको. मतदान घेऊ. प्रोफेसर, आधी तुम्ही तुमचं मत मांडा. विषय तुमचा आहे."

प्रोफेसरांनी आत पाहिलं. बॅटरीच्या मागून एक काळी, बारीक, नीटनेटकी नळी वर जात होती. त्यांना ती एकदम सभ्य वाटली.

"पेट्रोल ही महाग वस्तू आहे," ते सावकाश म्हणाले. "महाग वस्तू जाड नळीतून सोडतील का? ती बारीक नळीतूनच येणार."

हे इतकं पटण्यासारखं होतं की साडूचाही हात वर गेला. ठराव प्रचंड बहुमताने पास झाला. विरोधात एकच मत होतं, तेही गॅलरीतून, आणि ते सेक्रेटरींनी धरलं नाही. नळी जरा जास्तच बारीक निघाली, यंत्राच्या पकडीत सैल बसू लागली, म्हणून प्रोफेसरांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा भोवती गुंडाळला आणि वरून स्क्रू असा आवळला, असा आवळला, की चेहरा लाल झाला. तार बॅटरीला जोडताच निळा दिवा लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता खरी कसोटी प्रोफेसरांची होती. यंत्र त्यांचं, नळी त्यांची, इज्जतही त्यांची. पेट्रोल वाचलंच पाहिजे! तसे प्रोफेसर गाडी चालवायचे म्हणजे भांडण काढल्यासारखी चालवायचे. पुढच्याला हॉर्न, मागच्याला शिव्या, सिग्नल हिरवा व्हायच्या आत अॅक्सिलरेटर. पण यंत्र लागलं आणि माणूस पार बदलला. लांबवर लाल दिवा दिसला की पाय काढून घ्यायचे आणि गाडी आपली घरंगळत जाऊ द्यायचे. कुणालाही मागे टाकायचं नाही, उगाच ब्रेक मारायचा नाही, कारण ब्रेक मारला की पेट्रोल गेलं. सायकलवाले त्यांच्या पुढे जाऊ लागले. एकदा काठी टेकत चाललेल्या एका आजोबांनी खिडकीत डोकावून "काही मदत हवी का?" असं विचारलं. प्रोफेसर नुसते हसले. टाकीचा काटा खाली यायला तयार नव्हता, आणि त्या आनंदात ते सगळ्या जगाला माफ करायला तयार होते.

बायकोची शिकवणीही याच गाडीत चालू होती. चिडलं की माणूस जोरात गाडी हाणतो आणि पेट्रोल जातं, हे आता प्रोफेसरांना पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून ते शेजारी बसून हळू आवाजात सांगायचे, "सावकाश... घाई नाही... क्लच हलकेच सोड... बंद पडली? पडू दे. परत सुरू कर." पहिल्या दिवशी बायकोने गाडी बाजूला घेतली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

"पेट्रोल वाचतंय," प्रोफेसर समाधानाने म्हणाले.

सोसायटीत तर काय, जयजयकार! सेक्रेटरींनी यंत्र घेतलं, वकीलसाहेबांनी घेतलं, तळमजल्यानेही घेतलं. यंत्रं आणून देणाऱ्या साडूची तर चंगळच झाली. आणि प्रत्येकाने ते बसवलं कुठे? ठरावात मंजूर झालेल्या नळीवर! प्रोफेसर संध्याकाळी हात मागे बांधून पार्किंगमध्ये फेरी मारायचे, लोक विचारायचे, "काय, फरक पडतो ना?" आणि ते म्हणायचे, "पडणारच. चुंबक आहे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी गाडी पुसताना प्रोफेसरांना काचेवर पक्ष्याची कृपा दिसली. वाळून घट्ट झाली होती. त्यांनी आत बसून वायपरचं बटण दाबलं. वायपर हलले, पण पाणी आलं नाही. परत दाबलं, छे! बॉनेट उघडून त्यांनी पाण्याचा डबा पाहिला, डबा काठोकाठ भरलेला. मग डब्यातून निघालेल्या नळीवर बोट ठेवून ते हळूहळू पुढे गेले. नळी बॅटरीच्या मागे गेली. बॅटरीच्या मागून वर आली. काळी होती, बारीक होती, नीटनेटकी होती. आणि तिच्यावर निळा दिवा मिणमिणत होता.

प्रोफेसर तिथेच चाकाला टेकून खाली बसले. म्हणजे इतके दिवस रांगेत उभे राहिले ते काच धुवायच्या पाण्याचे रेणू! आणि तेही पुढे सरकले नाहीत, कारण स्क्रू एवढा आवळला होता की नळी चेपून बंदच झाली होती. आणि मायलेज? ते कुठून आलं, हे त्यांना उमगलं, आणि उमगल्यावर जास्तच वाईट वाटलं.

"काय प्रोफेसर, सर्व्हिसिंग?" मागून सेक्रेटरींचा आवाज आला. प्रोफेसर उडालेच. त्यांनी धाडकन बॉनेट लावलं. "नाही नाही, सहज. दिवा लागतोय का ते बघत होतो." सेक्रेटरी आनंदाने म्हणाले, "आमचाही लागतो!" प्रोफेसर पेचात पडले. सांगावं तर सगळ्या सोसायटीसमोर तोंड काळं, न सांगावं तर काय बिघडतंय? शेवटी त्यांनी ठरवलं, गप्प बसायचं. एक दिवस हळूच काढून टाकू. वायपरच्या पाण्यावाचून कुणाचं काय अडलंय?

अडलं, दुसऱ्याच दिवशी अडलं. परीक्षेच्या मैदानावर बायको चालकाच्या जागेवर ताठ बसली होती. तिला धीर द्यायला म्हणून साडू आपल्या गाडीतून सेक्रेटरी आणि वकीलसाहेबांना घेऊन आला होता आणि तिघे मैदानाच्या दोरीपलीकडे उभे होते. त्यांच्या गर्दीनेच तिचा धीर निम्मा झाला होता. इन्स्पेक्टर आले. सडपातळ, कपाळावर कायमची आठी असलेले गृहस्थ. आधी गाडीची तपासणी. हेडलाइट? ठीक. हॉर्न? ठीक.

"वायपर. पाणी मारा."

बायकोने बटण दाबलं. कोरडे वायपर कुईकुई करत काचेवर फिरले. इन्स्पेक्टर म्हणाले, "बॉनेट उघडा." बॉनेट उघडलं. निळा दिवा.

"हे काय आहे?"

प्रोफेसर तोंड उघडणार, तेवढ्यात दोरीच्या पलीकडून साडू गरजला, "इंधन बचत यंत्र, साहेब! इंजिनाची ताकद वाढते, पेट्रोल निम्मं! आमच्या सगळ्यांच्या गाडीला आहे!"

इन्स्पेक्टरांच्या कपाळावर आणखी एक आठी पडली. "म्हणजे इंजिनात फेरफार. परवानगी आहे का?"

"परवानगी?"

"फेरफार केलेल्या गाडीवर परीक्षा घेता येत नाही. आधी मुख्य कार्यालयात अर्ज करायचा, मग तांत्रिक विभाग गाडी बघणार, मग शिक्का, मग नवी तारीख. निदान दोन-तीन महिने धरा."

"साहेब, एक मिनिट," वकीलसाहेब दोरीखालून वाकून आत आले. "फेरफार या शब्दाचा अर्थ काय? हे यंत्र इंजिनाची मूळ रचना बदलत नाही, फक्त त्याच्या कार्यात मोठी सुधारणा करतं."

"मोठी सुधारणा," इन्स्पेक्टरांनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंत. चला, गाडी बाहेर घ्या. पुढचा उमेदवार!"

बायको रडली नाही, चिडलीही नाही. तिने नुसती पर्स उचलून मांडीवर घेतली, बसमधून उतरायच्या आधी घेतात तशी. प्रोफेसरांनी ते पाहिलं. दारावरची ती पाटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्यावर चित्रकलेच्या बाईंचं नाव दिसलं.

"थांबा, साहेब," ते म्हणाले. "या यंत्राने काहीही होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते पेट्रोलच्या नळीवर नाहीच. वायपरच्या पाण्याच्या नळीवर आहे. तुम्ही स्वतः बघा."

इन्स्पेक्टरांनी नळीवर बोट ठेवलं आणि ते पाण्याच्या डब्यापर्यंत नेलं. दोरीपलीकडून सेक्रेटरींचा बारीक आवाज आला, "पण प्रोफेसर... ठराव..."

"ठराव चुकला."

"मग मायलेज कसं वाढलं?"

"मी गाडी हळू चालवत होतो. आणि तुम्ही सगळे माझं बघून." मग आता एवढं झालंच आहे तर सगळंच होऊन जाऊ दे, असं वाटून ते पुढे म्हणाले, "आणि मी प्रोफेसरही नाही. मी प्रयोगशाळेतलं सामान सांभाळतो."

"ते माहितीये हो आम्हाला," वकीलसाहेब म्हणाले. "पण नळीचं मात्र लागलं मनाला."

इन्स्पेक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या पहिल्यांदा सैल झाल्या. मिशीआड हसू दाबत ते म्हणाले, "पाण्याच्या नळीवरची शोभेची वस्तू फेरफारात येत नाही. काढा ती, आणि पाणी चालू करून दाखवा." प्रोफेसरांनी स्क्रू सोडवला. बायकोचं बोट मात्र घाबरून मघापासून बटणावरच होतं. नळी मोकळी झाली आणि पाण्याची अशी सणसणीत चिळकांडी उडाली की प्रोफेसरांचा शर्ट भिजला, आणि उरलेली दोरीपलीकडे जाऊन थेट साडूच्या तोंडावर. "चालतंय," असं म्हणून इन्स्पेक्टर गाडीत बसले.

गाडी निघाली. वळण झालं, मागे घेणं झालं, आणि चढ आला. प्रोफेसर ओल्या शर्टात दोरी धरून उभे. अर्ध्या चढावर गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. साडू "गेलं!" म्हणाला. प्रोफेसरांच्या ओठांवर "क्लच!" आलं होतं, ते त्यांनी गिळलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "सावकाश... पडू दे... परत सुरू कर." आणि गाडीत बसलेली बायकोही तेच करत होती. तिने हँडब्रेक ओढला, गाडी सुरू केली, क्लच हलकेच सोडला, आणि गाडी अलगद वर चढून गेली.

पास! प्रोफेसरांनी आनंदाच्या भरात सेक्रेटरींना मिठी मारली आणि त्यांचाही शर्ट ओला केला.

घरी येताना बायको चालवत होती आणि प्रोफेसर शेजारी, मांडीवर विझलेलं यंत्र घेऊन बसले होते.

"सगळ्यांसमोर माझी फजिती झाली," ते म्हणाले.

"झाली खरी," बायको म्हणाली. तिने सिग्नल लांबूनच पाहिला आणि पाय काढून घेतला. "पण हे यंत्र लावल्यापासून तुम्ही माझ्यावर एकदाही ओरडला नाहीत, हे लक्षात आलंय का तुमच्या? ते टाकू नका. मी माझ्या टेबलावर ठेवणार आहे, नव्या शाळेत."

प्रोफेसरांनी खिडकीबाहेर पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला दिसू नये असं त्यांना वाटत होतं. तिला ते दिसलं होतंच.

सोसायटीचं म्हणाल तर बाकीच्यांची यंत्रं अजून तिथेच आहेत. सेक्रेटरींचं म्हणणं, पास झालेला ठराव असा उठून मागे घेता येत नाही, शिवाय दिवा छान दिसतो. नाव मात्र "प्रोफेसर" हेच राहिलं. मिक्सरही येतातच.

नवी शाखा उघडली त्या सकाळी प्रोफेसर बसच्या रांगेत उभे होते, कारण गाडी आता बायकोकडे होती. हवा दमट, रांग लांबच लांब, आणि बसचा पत्ता नाही. एवढ्यात आपली गाडी येताना त्यांना दिसली. संथ, डौलात, कुणालाही मागे न टाकता. ते रांगेतून अर्धं पाऊल बाहेर आले, हात वर केला. बसस्टॉपच्या पुढच्या चौकापर्यंत तिचा रस्ता तोच होता, तेवढं तरी सोडलं असतं.

गाडी त्यांच्यासमोरून तशीच घरंगळत पुढे गेली. खिडकीतून बायकोचा हात बाहेर आला, टाटा करत.

"अगं! थांब की!"

"उगाच ब्रेक मारायचा नाही!" तिने ओरडून सांगितलं. "पेट्रोल जातं!"

रांगेतली माणसं हसली. प्रोफेसर चडफडले, पण क्षणभरच. मग ते परत रांगेत येऊन अगदी सरळ उभे राहिले आणि पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर टकटक करून म्हणाले, "बघितलीत? आमची बायको आहे. मीच शिकवलंय तिला."